मॉफेटचा तळ : लोकवर्गणीची जमीन आणि तिचे वारस



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो पगारवाढीवर, संपावर किंवा फार तर मार्क्सवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका जुन्या नाविक विमानतळाची कथा. आमचे शाळेतले शिक्षण थोडे झाले. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि नंतर उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. त्या वाचनात हा विषय हाती लागला आणि सुटेना. तो का सुटेना, ते शेवटी आपल्या लक्षात येईलच.

या स्थळाचे नाव मॉफेट फील्ड. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिण टोकाशी, सनीव्हेल आणि माउंटन व्ह्यू या दोन गावांच्या मध्ये ते आहे. आज आपल्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त त्या भागात राहतात. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेले आईवडील या सभेतही असतील. हमरस्त्यावरून मोटारीने जाताना एका बाजूस एक अवाढव्य, पाठ गोल असलेली इमारत दिसते. ती त्यांनी पाहिली असेल आणि हे काय आहे असे विचारलेही असेल. ती इमारत म्हणजे वायुनौकेचे घर होय. त्या घरात ज्यासाठी ते बांधले ती वस्तू अवघे सोळा महिने राहिली. घर मात्र नव्वद वर्षांवर उभे आहे. या नव्वद वर्षांत त्या घराचे आणि भोवतालच्या जमिनीचे काय काय झाले, तोच आजचा विषय.

प्रथम जमिनीकडे पाहू, कारण इतिहासाची सुरुवात इमारतीपासून करण्याची वाईट खोड आपल्याला लागली आहे. ही जमीन मूळची ओलोनी नावाच्या आदिवासी लोकांची. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यांना आपल्या मठांत गोळा केले, बाप्तिस्मा दिला आणि शेतावर राबविले. पुढे मेक्सिकोचा अंमल आला, तेव्हा १८४४ साली गव्हर्नर मिशेलतोरेना याने लोपे इनिगो नावाच्या एका ओलोनी माणसास येथील जमिनीची सनद दिली. आदिवासीला सनद मिळणे ही त्या काळी विरळा गोष्ट. पण चारच वर्षांत कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात गेला, आणि नव्या सरकारने कायदा केला, की जुन्या सनदा असणाऱ्यांनी आपला हक्क सिद्ध करून दाखवावा. म्हणजे जो पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसला आहे त्यानेच कोर्टाची पायरी चढावयाची, वकील धरावयाचा, कागद दाखवावयाचे. हे दावे चालता चालता इनिगोची बरीच जमीन इतरांच्या नावावर गेली. १८६४ साली तो वारला. पुढेही त्या शेताला लोक इनिगोचे शेत म्हणत राहिले. नाव राहिले, जमीन गेली. कुळकायद्याचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता वायुनौकेकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे जगातील शहाण्यासुरत्या माणसांचा असा ठाम विश्वास होता, की लांब पल्ल्याच्या हवाई प्रवासाचे भवितव्य विमानात नसून वायुनौकेत आहे. त्या वेळची विमाने थोड्या अंतरावर जाऊन खाली उतरत. वायुनौका ही हवेपेक्षा हलका वायू पोटात भरलेली, धातूच्या सांगाड्यावर कापड ताणलेली प्रचंड नळी. ती दिवसच्या दिवस आकाशात राहू शके. ब्रिटिश सरकारलाही तिचा मोह पडला होता. इंग्लंडहून हिंदुस्थानात वायुनौकांनी टपाल आणि साहेब आणावयाचे, असा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठी कराचीला एक अजस्र वायुनौकागृह बांधण्यात आले. कराची त्या वेळी आपल्याच मुंबई इलाख्यात होती. सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ साली. ‘आर १०१’ ही वायुनौका कराचीस यावयाला निघाली, ती ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळली. ४८ माणसे मेली, त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्रीही होते. योजना तेथेच गुंडाळली गेली. कराचीच्या त्या घरात एकही वायुनौका कधी आली नाही, आणि पुढे ते घरही पाडून टाकले. तेव्हा ज्या वेडाची कथा आम्ही सांगतो आहोत ते अगदीच सातासमुद्रापलीकडचे नव्हते. त्याची एक खूण आपल्या इलाख्यातही उभी राहिली होती.

अमेरिकन आरमाराला मात्र धीर होता, कारण तिच्याकडे हेलियम होता. हायड्रोजन पेट घेतो, हेलियम घेत नाही. टेक्सासच्या विहिरींतून निघणारा हा वायू जवळजवळ एकट्या अमेरिकेच्याच हाती होता. पॅसिफिक महासागर अफाट. त्यावर शत्रूची गलबते शोधावयाची तर आकाशातून शोधणारा डोळा हवा, आणि रडार तर अजून यावयाचे होते. म्हणून ‘अ‍ॅक्रॉन’ आणि ‘मेकॉन’ अशा दोन जुळ्या वायुनौका बांधावयाचे ठरले. प्रत्येकीची लांबी ७८५ फूट. त्यांच्या पोटातच लहान लढाऊ विमाने टांगलेली असत. ती एका आकड्यावरून खाली सोडीत आणि उडत्या उडत्या परत आकड्याला अडकवून घेत. दोघींपैकी एकीचा तळ पश्चिम किनाऱ्यावर हवा होता.

येथे गावकऱ्यांचा प्रवेश होतो. उपसागराच्या पलीकडे नाइल्स गावी जमिनींच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्या लॉरा थेन व्हिपल नावाच्या एक बाई होत्या. त्यांच्या नजरेस इनिगोचे जुने शेत आले. सपाट, धुके कमी, पाण्याच्या काठाला. त्यांनी ही कल्पना गावोगावच्या पुढाऱ्यांच्या गळी उतरविली. सॅन डिएगोजवळची कॅम्प कर्नी ही दुसरी जागा स्पर्धेत होती. तिला हरवावयाचे तर सरकारला जमीन फुकट द्यावी लागेल, हे उघड होते. मग सॅन फ्रान्सिस्कोपासून सॅन होजेपर्यंतच्या गावांनी आणि जिल्ह्यांनी पैसा उभा केला. सुमारे पावणेपाच लक्ष डॉलर जमले आणि सुमारे १,००० एकर जमीन घेण्यात आली. मंदीचे दिवस होते हे लक्षात घ्या. फळबागांत जर्दाळू झाडावर कुजत होते, कारण तोडणावळ निघत नव्हती. डबाबंद फळांच्या कारखान्यांत मोसमापुरते काम, आणि तेही निम्म्या दरात. अशा वेळी लोकांनी पैसा दिला तो देशभक्तीने दिला हे खरे, आणि तळ आला की काम येईल, दुकाने चालतील, जमिनीचे भाव वाढतील, या आशेने दिला हेही तितकेच खरे. ही जमीन त्यांनी सरकारला एक डॉलर किमतीस विकली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अध्यक्ष हूवर यांनी कायद्यावर सही केली. तळाला नाव दिले सनीव्हेल. माउंटन व्ह्यू हे गाव जवळ असता ते नाव का घेतले नाही, याची एक गोष्ट तेथे सांगतात. नावात डोंगर आला, तर वायुनौका डोंगरावर आपटेल अशी शंका वॉशिंग्टनच्या मंडळींना येईल, म्हणून म्हणे सूर्यप्रकाशाचे नाव निवडले.

हा एक डॉलरचा व्यवहार आपण ध्यानात ठेवावा. आमच्या पुढच्या सगळ्या बोलण्याचा खुंटा तेथे आहे.

मग ते घर उभे राहिले. त्याला आज पहिले हँगर म्हणतात. लांबी १,१३३ फूट, रुंदी ३०८ फूट, उंची १९८ फूट. आठ एकर जमीन एका छपराखाली. मध्ये एकही खांब नाही. दोन्ही टोकांना संत्र्याच्या सालीसारखी गोल दारे, आणि ती रुळांवरून विजेच्या मोटारींनी बाजूला सरत. आतली हवा इतकी, की कधीकधी छताखाली धुके जमे. गिरणीच्या खात्यात उभे राहून ज्याने वर पाहिले आहे, त्याला मोठ्या छपराची भीती आणि अभिमान दोन्ही ठाऊक असतात. ज्या लोखंडी कामगारांनी हे मंदीच्या काळात दोन वर्षांत उभे केले, त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत. कोनशिलेवर नसतातच.

आता माणसांबद्दल. वायुनौकेच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसांची फार थोडी. ही नौका जमिनीवर उतरवावयाची तर शेकडो खलाशी दोर धरून तिला खाली ओढीत. मे १९३२ मध्ये ‘अ‍ॅक्रॉन’ पश्चिम किनाऱ्यावर आली. ११ मे रोजी ती कॅम्प कर्नी येथे उतरू लागली. तिथे दोर धरावयास जी पोरे उभी केली होती, ती आरमारात नुकतीच भरती झालेली, या कामाचा अनुभव नसलेली. उन्हाने हेलियम तापला, नौका हलकी झाली आणि एकदम वर उसळली. दोर सोडा म्हणून ओरडा झाला. बहुतेकांनी सोडले. तिघांनी सोडले नाहीत, आणि ते दोराबरोबर आकाशात गेले. दोघांचे हात सुटले. त्यांची नावे एडसॉल आणि हेन्टन. तिसरा, काउअर्ट नावाचा खलाशी, स्वतःला दोराशी बांधून तासाहून अधिक वेळ लोंबकळत राहिला आणि शेवटी वर ओढून घेतला गेला. या प्रसंगाचे चलच्चित्र निघाले आणि लोकांनी ते थिएटरांत पाहिले. आम्हांला त्यात दिसतो तो एक जुना नियम. यंत्र जितके मोठे आणि महाग, तितका त्याच्या पायाशी उभा असलेला माणूस हंगामी, नवखा आणि स्वस्त ठेवण्याकडे मालकाचा कल असतो. मग मालक कोणी शेटजी असो की सरकार असो.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. ४ एप्रिल १९३३ रोजी ‘अ‍ॅक्रॉन’ न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे वादळात सापडून समुद्रात पडली. तिच्यावर ७६ माणसे होती. ७३ मेली. त्यांत आरमाराच्या हवाई खात्याचे प्रमुख आणि वायुनौकांचे खंदे पुरस्कर्ते अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट हे होते. पुढे सनीव्हेलच्या मैदानाला त्यांचेच नाव दिले गेले. इतकी माणसे का मेली? पडण्याच्या धक्क्याने थोडी. बहुतेक थंड पाण्यात बुडून आणि गारठून. समुद्रावरून उडणाऱ्या त्या नौकेवर अंगात घालावयाचे जीवरक्षक पट्टे नव्हते, आणि रबरी होडी होती ती एक. त्यानंतर दोन वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९३५ रोजी, ‘मेकॉन’ कॅलिफोर्नियाच्या पॉइंट सुर नावाच्या टोकापुढे समुद्रात पडली. म्हणजे हूवर यांनी सही केली त्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. तिच्यावर ८३ माणसे होती. मेली दोन. हिच्यावर पट्टे होते आणि होड्या होत्या. पाणीही अटलांटिकइतके गार नव्हते आणि मदतीची जहाजे जवळ होती, हे खरे. तरीही ७६ पैकी ७३ आणि ८३ पैकी दोन या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातला मोठा भाग कापडाच्या आणि रबराच्या त्या सामानाने भरून काढला. सुरक्षेच्या साधनांवर खर्च कशाला, असे आम्हांला वाटाघाटीच्या टेबलावर जेव्हा जेव्हा विचारले जाते, तेव्हा हे दोन आकडे आम्ही मनाशी म्हणतो.

आणि ‘मेकॉन’ तरी का पडली? एप्रिल १९३४ मध्ये टेक्सासवरून जाताना वाऱ्याच्या माऱ्याने तिच्या शेपटीजवळच्या सांगाड्याला इजा झाली होती. तात्पुरती डागडुजी झाली. पक्के मजबुतीकरण टप्प्याटप्प्याने, कवायतींच्या अधूनमधून सवड होईल तसे करावयाचे ठरले. वरच्या पंखाजवळचे काम राहून गेले होते. वाऱ्याचा झोत आला आणि नेमका तोच वरचा पंख निखळला. चालू यंत्र थांबवून दुरुस्ती करावी की उत्पादन आधी, हा वाद ज्यांनी कारखान्यात ऐकला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

‘मेकॉन’ सनीव्हेलला आली होती १५ ऑक्टोबर १९३३ रोजी. म्हणजे सोळा महिन्यांत घर रिकामे झाले. एक हजार एकर जमीन, सुमारे ५० लक्ष डॉलरचा तळ, आणि आत ठेवावयास काही नाही. येथून आमच्या कथेचा खरा भाग सुरू होतो.

१९३५ साली आरमाराने तळ लष्कराच्या विमानदळाला दिला. तेथे वैमानिक तयार होऊ लागले. तळ सरकारचा, धावपट्टी तयार, जमीन मोकळी, हे पाहून विमानशास्त्राच्या राष्ट्रीय समितीने आपली नवी प्रयोगशाळा याच मैदानाच्या कडेला स्थापण्याचे ठरविले. २० डिसेंबर १९३९ रोजी तिचे काम सुरू झाले. तिचे नाव एम्स प्रयोगशाळा. हीच पुढे १९५८ साली नासाचा भाग झाली. युद्ध पेटल्यावर १९४२ मध्ये आरमार परत आले. जपानी पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी लहान, सांगाडा नसलेल्या वायुनौका तेथे ठेविल्या. पोलाद युद्धाला लागले होते, म्हणून दुसरे आणि तिसरे हँगर लाकडाचे बांधले. तीही हजार फुटांहून लांब, आणि तीही उभी राहिली. युद्धानंतर जेट विमाने आली, आणि १९६३ पासून पाणबुड्या शोधणारी ‘ओरायन’ जातीची विमाने. शीतयुद्धभर रशियन पाणबुड्यांच्या मागावर ही विमाने येथूनच निघत.

परंतु मैदानाच्या कडेला जी प्रयोगशाळा होती, तिने जे केले ते विमानतळाने केलेल्या कोणत्याही कामापेक्षा टिकाऊ ठरले. १९४४ साली तेथे ४० फूट उंच आणि ८० फूट रुंद वायुबोगदा सुरू झाला. त्यात अख्खे विमान उभे करून त्यावर वारा सोडीत. १९५०-६० च्या दशकाच्या आरंभी तेथील एच. ज्युलियन अ‍ॅलन या शास्त्रज्ञाने एक उलटी वाटणारी गोष्ट दाखवून दिली. अवकाशातून परतणाऱ्या वस्तूचे नाक टोकदार नको, बोथट हवे. बोथट नाकापुढे हवेचा दाट पदर तयार होतो आणि बहुतेक उष्णता त्यातच अडते, वस्तूपर्यंत पोहोचत नाही. चंद्रावरून माणसे जिवंत परत आली ती या बोथट तळाच्या कुप्यांतून. कर्नालची आपली कल्पना चावला १९९४ साली अवकाशयात्री म्हणून निवडली जाण्याआधी एम्समध्येच हवेच्या प्रवाहांचे गणित करीत होती. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह ज्या केपलर दुर्बिणीने शोधले, तिचे संशोधनही येथूनच चाले. जर्दाळूच्या बागांत वर्गणी मागत फिरणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही हे नव्हते. त्यांनी जमीन दिली ती वायुनौकेसाठी. वायुनौका बुडाली, जमीन सार्वजनिक राहिली, आणि सार्वजनिक होती म्हणूनच तिच्यावर दुसरे सार्वजनिक काम उभे राहू शकले. ती एखाद्या कंपनीची असती, तर १९३५ सालीच प्लॉट पाडून विकली गेली असती.

आता वहीचे दुसरे पान. शीतयुद्ध संपले आणि १९९१ साली तळ बंद करण्याची शिफारस झाली. १ जुलै १९९४ रोजी आरमाराने तळ नासाच्या स्वाधीन केला. आरमार गेले, पण मागे काही ठेवून गेले. विमानांचे भाग स्वच्छ करावयास जे द्रावण वापरीत, ट्रायक्लोरोइथिलीन त्याचे नाव, ते वर्षानुवर्षे जमिनीत मुरले होते. शेजारच्या अर्धवाहक कारखान्यांच्या टाक्यांतूनही तेच द्रावण भूजलात उतरले होते आणि दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले होते. १९८७ सालीच हा तळ देशातील अतिदूषित जागांच्या यादीत गेला. ही गोष्ट गावकऱ्यांना पाण्याच्या नमुन्यांवरून कळली. पण तत्पूर्वी कित्येक वर्षे त्याच द्रावणात हात बुडवून काम करणारे होतेच. तळावरचे यांत्रिक होते, आणि कारखान्यांत चकत्या धुणाऱ्या, बहुतेक मेक्सिकन, फिलिपिनो आणि व्हिएतनामी स्त्रिया होत्या. दूषित जमीन यादीत जाते. दूषित माणसांची यादी कोणी करीत नाही.

मग त्या जुन्या घराची पाळी आली. २००२ च्या सुमारास पावसाच्या पाण्याच्या गाळात विषारी क्लोरीनयुक्त संयुगे सापडली. शोध घेता ती पहिल्या हँगरच्या भिंतीच्या पत्र्यांतूनच झिरपत असल्याचे दिसले. २००३ साली हँगर लोकांसाठी बंद झाले. २००६ साली आरमाराने म्हटले, की सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे ते पाडावे. तेव्हा गावातले लोक उठले. निवृत्त खलाशी, शाळामास्तर, जुने अभियंते, ज्यांच्या आईवडिलांनी वर्गणी दिली होती अशी म्हातारी माणसे सभांना येऊ लागली. त्यांनी अर्ज केले, सुनावण्यांना हजर राहिले आणि वृत्तपत्रांत लिहिले. अखेर आरमार नमले, पण अर्धेच. विषारी पत्रे उतरविणे हे आमचे काम, नवे पत्रे चढविणे नव्हे, असा त्यांनी पवित्रा घेतला. २०१२ पर्यंत पत्रे उतरले आणि मागे राहिला तो लोखंडी सांगाडा, मोठ्या माशाचे मांस गिधाडांनी खाऊन टाकावे तसा. एक सरकारी खाते म्हणे आमची जबाबदारी संपली, दुसरे म्हणे आमच्याकडे पैसा नाही.

सरकारी खाती अशी एकमेकांकडे बोट दाखवीत असताना दाराशी तिसरा कोणी तरी उभा असतोच. तेथे गूगल कंपनी उभी होती. तिच्या संस्थापकांची खासगी विमाने २००७ पासून याच धावपट्टीवर उतरत, त्याचे भाडेही भरले जाई. परंतु २०१३ साली नासाच्या महानिरीक्षकांनी अहवालात म्हटले, की त्या विमानांना सरकारी दराचे इंधन मिळत गेले आणि त्यांचे ३३ ते ५३ लक्ष डॉलर वाचले. हे जाणूनबुजून नव्हे तर गैरसमजाने घडले, असेही अहवालात आहे, आणि ते आम्ही मान्य करतो. गैरसमज नेहमी कोणत्या बाजूला झुकतो, एवढेच श्रोत्यांनी पाहावे.

२०१४ साली रीतसर निविदा मागवून नासाने गूगलच्या एका उपकंपनीला हा तळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. सुमारे १,००० एकर, तीन हँगरे, दोन धावपट्ट्या, गोल्फचे मैदानही. साठ वर्षांचे भाडे ११६ कोटी डॉलर. शिवाय हँगर दुरुस्त करणे आणि इतर सुधारणा यांसाठी कंपनीने २० कोटींहून अधिक डॉलर खर्च करावयाचे. लोकांना या स्थळाचा इतिहास पाहता यावा म्हणून एक शिक्षणस्थान उभारण्याचे वचनही त्यात आहे. २०२२ साली जुन्या सांगाड्यावर नवी कातडी चढविण्याचे काम सुरू झाले. आणि गंमत पाहा, दुसऱ्या हँगरमध्ये पुन्हा एक वायुनौका बांधली गेली, सुमारे ४०० फूट लांब आणि हेलियमवर तरंगणारी. गूगलच्या संस्थापकांपैकी एकाच्या पैशाने चालणाऱ्या कंपनीची ती आहे. २०२३ साली ती घराबाहेर आली. मॉफेटच्या मैदानावर पुन्हा वायुनौका दिसली, फक्त मालक बदलला होता.

यावर आमचे मत काय, असे आपण विचाराल. आम्ही चळवळीतले, म्हणून भांडवलदाराला शिव्या देऊन टाळ्या घ्याव्या, हे सोपे आहे. पण इतिहासाचा न्याय तितका सोपा नाही. कंपनी आली नसती, तर तो सांगाडा बहुधा भंगारात गेला असता. सरकारचा देखभालीचा वार्षिक खर्च वाचला, भाडे मिळाले, घर वाचले. हे सर्व जमेच्या बाजूला मांडावेच लागेल.

तरी खर्चाच्या बाजूला एक रकम राहते, आणि ती मांडणारा कोणी नसतो. जमीन इनिगोकडून गेली ती कायद्याने. गावकऱ्यांनी ती विकत घेतली आपल्या पैशाने आणि सरकारला दिली एका डॉलरला, देशाच्या कामासाठी. काम सोळा महिन्यांत बुडाले. तेव्हा गावकऱ्यांनी जमीन परत मागितली नाही, कारण ती सार्वजनिक कामी लागतच होती. युद्धात लागली, विज्ञानात लागली. विष पेरले सरकारने आणि कारखान्यांनी. सरकारच्या वाट्याचे विष काढावयाचा पैसा करदात्यांचा. आणि इतके सोसून झाल्यावर पुढची साठ वर्षे तिचा मोठा उपयोग कोणी करावयाचा, हे ठरवितेवेळी १९३१ सालच्या वर्गणीदारांच्या नातवंडांना फक्त सुनावणीत तीन मिनिटे बोलावयास मिळाली.

आम्ही उभा जन्म करार वाचण्यात आणि करार करण्यात घालविला. त्यातून शिकलेली एकच गोष्ट येथे लागू पडते. करारात काय लिहिले आहे यावर भांडण होते, पण नुकसान होते ते करारात काय लिहिले नाही त्यामुळे. १९३१ सालच्या खरेदीखतात, वायुनौका संपल्यावर ही जमीन कोणाच्या विचाराने वापरावी, याची एक ओळ असती, तर पुढच्या सगळ्या सुनावण्यांना वेगळे वजन आले असते. वर्गणी देणारे हौसेने देतात आणि अटी घालावयाला लाजतात. देणगीदाराने अटी घालणे हलकेपणाचे वाटते. ही लाज फार महाग पडते.

त्याबरोबर दुसरीही गोष्ट आहे, आणि ती आशेची आहे. नासाने जमीन विकली नाही, पट्ट्याने दिली. विक्री आणि पट्टा यांत जे अंतर आहे ते सामान्य माणसाने कधी विसरू नये. विकलेली वस्तू नातवंडांच्याही हातून गेलेली असते. पट्ट्याची मुदत संपते. २०७४ साली तो कागद पुन्हा टेबलावर येईल. त्या दिवशी माउंटन व्ह्यूच्या सभागृहात कोणी तरी उभे राहून विचारू शकेल, की आमच्या पणजोबांनी ही जमीन एका डॉलरला दिली होती ती कशासाठी? विचारणाऱ्यांत कदाचित आपल्याच कोणाची पणती असेल, कारण आपली मुले तेथे नांदू लागली आहेत. तिला हा इतिहास ठाऊक असावा.

आणि आपण तरी तिथवर का जावे? आपल्या गावात लोकवर्गणीने घेतलेली मैदाने आहेत, श्रमदानाने बांधलेली सभागृहे आहेत, कोण्या दानशूराने तालमीसाठी, वाचनालयासाठी, दवाखान्यासाठी दिलेल्या जागा आहेत. ज्या कामासाठी त्या दिल्या ते काम कधी ना कधी संपते. तालीम ओस पडते, वाचनालयाला वाचक उरत नाहीत. त्या दिवशी जागेची कागदपत्रे कोणाच्या कपाटात आहेत, त्यांत कोणत्या अटी आहेत आणि त्या वाचलेली चार माणसे गावात आहेत की नाहीत, यावर पुढचे सर्व ठरते. आपल्यापैकी जे कोणी अशा संस्थांचे विश्वस्त किंवा सभासद आहेत त्यांनी घरी गेल्यावर एवढे करावे. आपल्या जागेचे मूळ खत शोधून काढावे आणि पुढच्या वार्षिक सभेत ते मोठ्याने वाचून दाखवावे. कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला आला आणि घरी जाताना काम लावून गेला, असे म्हणालात तरी आम्हांला चालेल.